ट्रायची किंमत किती? रग्बीतलं दीडशे वर्षांचं भांडण

(या भागाचा लेखी मजकूर. बोलतानाचे 'अं', 'हं' आणि मधेच वाजलेला कुकर काढून टाकलाय. बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

लोकलमध्ये खिडकी मिळाली असेल किंवा बसमध्ये दांड्याला लटकला असाल, एक तारीख आठवा. १४ जुलै २०१९. लॉर्ड्स. क्रिकेट वर्ल्ड कपची फायनल. पन्नास ओव्हरनंतर इंग्लंड २४१, न्यूझीलंड २४१. सुपर ओव्हरमध्ये दोघांच्या १५. आणि कप गेला इंग्लंडला, कारण त्यांच्या बाउंड्री जास्त, २६ विरुद्ध १७. आपली टीम सेमीफायनललाच हरून घरी आली होती, तरी त्या रात्री आपण सगळेच चिडलो होतो. हा नियम केला कुणी? तीन महिन्यांत आयसीसीनं तो नियम काढूनही टाकला.

आता दुसरी तारीख. २८ ऑक्टोबर २०२३, शनिवार. दिवसा धरमशालेत न्यूझीलंड ऑस्ट्रेलियाकडून ५ धावांनी हरलं. ३८९ करायच्या होत्या, ३८३ झाल्या. आणि त्याच रात्री, आपल्याकडे साडेबारा वाजता, पॅरिसजवळच्या स्टाद द फ्रान्स मैदानावर त्याच देशाची रग्बी टीम वर्ल्ड कपची फायनल खेळायला उतरली. समोर दक्षिण आफ्रिका. निकाल: दक्षिण आफ्रिका १२, न्यूझीलंड ११. एका पॉइंटनं.

एका दिवसात दोनदा असं होणं म्हणजे अवघडच. पण आजचा विषय त्यांचं नशीब नाही. विषय हा की त्या ८० मिनिटांत ट्राय फक्त न्यूझीलंडनं केली. एकच, बोडन बॅरेटनं, ५८ व्या मिनिटाला. दक्षिण आफ्रिकेनं एकही नाही. त्यांनी चार वेळा चेंडू जमिनीवर ठेवला आणि चार वेळा दोन खांबांमधून मारला. चार पेनल्टी, प्रत्येकी ३. बारा. कप घरी.

ज्यांनी रग्बी कधी पाहिलंच नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं. चेंडू हातात घेऊन पळायचं, समोरच्या टीमच्या शेवटच्या रेषेपलीकडे जाऊन तो जमिनीला टेकवायचा. ही ट्राय, ५ पॉइंट. ट्राय झाल्यावर एक मोफत किक मिळते, खांबांमधून गेली तर आणखी २. तिला कन्व्हर्जन म्हणतात. समोरच्यानं मोठा फाउल केला तर त्या जागेवरून थेट गोलवर किक मारता येते, ती पेनल्टी, ३. आणि खेळ चालू असताना चेंडू जमिनीवर टप्पा पाडून लाथेनं खांबांमधून उडवला तर ड्रॉप गोल, तोही ३. पुढे पास द्यायचा नाही, मागेच. एवढं पुरे.

माझ्या टीममध्ये एकजण ऑकलंडहून काम करतो आणि एकजण केप टाउनहून. त्या सोमवारी सकाळच्या कॉलवर आमच्या रिलीजबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही. ऑकलंडवाल्याचं म्हणणं, ट्राय आम्ही केली, खरा खेळ आम्ही खेळलो, १४ माणसांनी खेळलो, आणि जिंकले लाथा मारणारे. केप टाउनवाला फक्त एकच वाक्य परत परत म्हणत होता की स्कोअरबोर्ड बघ. मी मध्ये गप्प बसले होते. पण माझ्या डोक्यात किडा सुटला. ट्रायचे ५ आणि पेनल्टीचे ३, हे आकडे आले कुठून? आमच्या कोडमध्ये असा एखादा आकडा कुणी कारण न लिहिता ठेवून दिला तर रिव्ह्यूमध्ये आम्ही त्याला सोडत नाही. मग मी शोधत गेले, आणि कळलं की या आकड्यांवरून माणसं दीडशे वर्षं भांडतायत. एकदा तर त्या काळात देशांनी आपसात मॅच खेळणंच बंद केलं होतं.

सुरुवात इंग्लंडमधल्या रग्बी नावाच्या गावातल्या शाळेपासून. १८२३ मध्ये विल्यम वेब एलिस नावाच्या पोरानं फुटबॉल खेळताना चेंडू हातात घेऊन धूम ठोकली आणि खेळ जन्माला आला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. वर्ल्ड कपच्या ट्रॉफीला त्याचंच नाव आहे. ती गोष्ट बहुतेक दंतकथाच. सांगितली गेली १८७६ मध्ये, म्हणजे पन्नासहून जास्त वर्षांनी, आणि सांगणाऱ्यानं स्वतः काही पाहिलेलं नव्हतं. पक्कं आहे ते हे की १८४५ मध्ये त्या शाळेतल्या मुलांनीच नियम लिहून काढले. मास्तरांनी नाही, मुलांनी. आणि त्या खेळात मॅच जिंकायची ती गोलनं. गोल म्हणजे चेंडू खांबांच्या मधून, आडव्या दांडीच्या वरून मारणं.

मग ट्राय म्हणजे काय होतं? शब्दाचाच अर्थ बघा. ट्राय म्हणजे प्रयत्न. तुम्ही चेंडू रेषेपलीकडे नेऊन टेकवलात की तुम्हाला गोल मारायचा प्रयत्न करायची परवानगी मिळायची. बस. त्या टेकवण्याचे पॉइंट किती? शून्य. आज ज्या गोष्टीसाठी स्टेडियम उभं राहतं ती सुरुवातीला नुसती पावती होती, खिडकीवर जाऊन तिकीट मागायची.

२७ मार्च १८७१. एडिनबरोचं रेबर्न प्लेस मैदान. पहिली आंतरराष्ट्रीय मॅच, स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड. एका बाजूला २० खेळाडू, ५० मिनिटांचा एक हाफ. दोनच महिने आधी लंडनमध्ये २१ क्लबांनी मिळून रग्बी फुटबॉल युनियन काढली होती. या मॅचमध्ये स्कॉटलंडनं दोनदा चेंडू टेकवला, त्यातला एक गोल झाला. इंग्लंडनं एकदा टेकवला, गोल हुकला. निकाल स्कॉटलंडच्या बाजूनं. आणि भांडण? पहिल्याच मॅचमध्ये. स्कॉटलंडची ट्राय बरोबर होती की नाही यावर इंग्लंडनं जोरदार हरकत घेतली. पंचांपैकी एक होते हेली हचिन्सन आल्मंड, एका स्कॉटिश शाळेचे हेडमास्तर. त्यांनी नंतर कबूल केलं की निर्णय बरोबर होता की चूक हे आपल्याला नक्की माहीत नाही, पण जी टीम जास्त आरडाओरडा करते ती बहुधा चुकलेली असते, म्हणून तिच्या विरुद्ध निर्णय द्यावा. मला हा माणूस आवडला. आमच्या मीटिंगांनाही हा नियम लावून बघायला हवा.

१८७५ मध्ये नियम आला की गोल सारखे झाले तर कुणाच्या ट्राय जास्त ते बघा. म्हणजे ट्राय आता टायब्रेकर झाली. लॉर्ड्सच्या बाउंड्रीसारखी! फरक एवढाच की क्रिकेटनं टायब्रेकर फेकून दिला, आणि रग्बीत तो टायब्रेकर वाढत वाढत खेळाचा राजा झाला.

इथे आपला एक छोटा धागा आहे. कलकत्त्यात ब्रिटिशांनी १८७३ मध्ये एक रग्बी क्लब काढला होता. उकाडा, पोलोची वाढती हौस, माणसं मिळेनात. १८७८ मध्ये क्लब बंद झाला. बँकेत शिल्लक होती २७० रुपये. सगळे चांदीचे रुपये. ते काढून वितळवले, त्याचा कप केला. तीन नाग म्हणजे त्याच्या कड्या, झाकणावर हत्ती. तो कप इंग्लंडला पाठवला, आणि इंग्लंड-स्कॉटलंडच्या मॅचचा विजेता आजही त्याच कलकत्ता कपसाठी खेळतो. या कपची पहिली मॅच १० मार्च १८७९, पुन्हा रेबर्न प्लेसवर. इंग्लंडनं ट्राय करून तिचा गोल केला. स्कॉटलंडनं ड्रॉप गोल मारला. निकाल काय? बरोबरी. गोल एक, गोल एक. आजच्या हिशोबानं ती मॅच ७-३ अशी इंग्लंडनं जिंकली असती. मैदान तेच, पायही तेच, नुसता हिशोब बदलला की विजेता बदलतो.

आणि मग १८८४. पुन्हा हेच दोन देश. झालं असं की एका स्कॉटिश खेळाडूच्या हाताला लागून चेंडू मागे गेला, तो इंग्लंडला मिळाला, इंग्लंडनं ट्राय केली. स्कॉटलंडचं म्हणणं, आमच्या खेळाडूनं हातानं चेंडू मारला हा फाउल होता, त्यामुळे खेळ तिथेच थांबायला हवा होता. इंग्लंडचं म्हणणं, अहो, फाउल तुमचा, आणि फायदा पण तुम्हीच घेणार? ट्राय ठेवली गेली, तिचा गोल झाला, इंग्लंड जिंकलं. पण वाद मिटला नाही. पत्रापत्री सुरू झाली. इंग्लंड म्हणे नियम आमचे, त्यांचा अर्थ आम्हीच लावणार. १८८५ ची मॅच झालीच नाही. १८८६ मध्ये स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्सनं मिळून आंतरराष्ट्रीय बोर्ड काढलं. इंग्लंड आत यायला तयार नाही, कारण आमचे क्लब जास्त म्हणून आम्हाला जागाही जास्त हव्यात. १८८८ आणि १८८९ मध्ये इंग्लंड या तिघांशी एकही मॅच खेळलं नाही. दोन सीझन वाया. शेवटी १८९० मध्ये लवाद बसला आणि बोर्डातल्या १२ पैकी ६ जागा घेऊन इंग्लंड आत आलं. एका ट्रायवरून. आज ज्याला आपण वर्ल्ड रग्बी म्हणतो, ती संस्था या भांडणातून जन्माला आलेली आहे.

याच काळात पॉइंट आले. १८८६ मध्ये इंग्लंडनं ट्रायला १ पॉइंट दिला. मग २. मग १८९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ३. कन्व्हर्जन २, पेनल्टी ३. आणि ड्रॉप गोल? ४! १९४८ पर्यंत चेंडूला टप्पा पाडून लाथ मारणं हे पंधरा जणांना चुकवून रेषेपलीकडे जाण्यापेक्षा महाग होतं. १८९५ मध्ये कामगारांना बुडालेल्या मजुरीचे पैसे द्यायचे की नाही यावरून उत्तर इंग्लंडचे क्लब फुटून बाहेर पडले आणि त्यांनी आपला वेगळा खेळ केला, रग्बी लीग. त्यांनी दोनच वर्षांत सगळे गोल २ वर आणले आणि ट्राय ३ ठेवली. म्हणजे एकाच घरातून निघालेल्या दोन भावांनी दोन वेगळी उत्तरं दिली. लीगचं प्रकरण मोठं आहे, त्यावर वेगळा भाग करू.

युनियनमध्ये मात्र ट्राय ३ आणि पेनल्टी ३ हे समीकरण सत्तरहून जास्त वर्षं टिकलं. त्याचं काय होतं ते बघायचं तर १८ जुलै १९५९ ला जाऊ. न्यूझीलंडमधलं डनेडिन, कॅरिसब्रुक मैदान. ब्रिटन आणि आयर्लंडची मिळून बनलेली लायन्स टीम दौऱ्यावर आली होती. पळणारी, पास देणारी, बघायला मजा येणारी टीम. त्यांनी त्या दिवशी चार ट्राय केल्या. मोजा. चार ट्राय १२, एक कन्व्हर्जन २, एक पेनल्टी ३. सतरा. न्यूझीलंडच्या ट्राय? शून्य. पण त्यांच्याकडे फुलबॅकला डॉन क्लार्क होता. धिप्पाड माणूस, लोक त्याला 'द बूट' म्हणायचे. आताचे किकर पायाच्या वरच्या भागानं वळवून मारतात, हा सरळ बुटाच्या टोकानं. त्यानं सहा पेनल्टी मारल्या. सहा त्रिक अठरा.

न्यूझीलंड १८, लायन्स १७.

एका पॉइंटनं. चार ट्राय विरुद्ध शून्य, आणि जिंकलं शून्य. ऐकून ओळखीचं वाटतंय ना? फक्त कपडे बदललेत. २०२३ मध्ये जे न्यूझीलंडला टोचलं, तेच १९५९ मध्ये न्यूझीलंडनं दुसऱ्याला टोचलं होतं.

ट्रायची किंमत वाढवा अशी ओरड यानंतर वाढत गेली. १९७१ मध्ये ट्राय ४ झाली. १९९२ मध्ये ५. प्रत्येक वेळी कारण एकच: लोकांनी पळावं, लाथा कमी माराव्यात. आणि ५ केल्यावर तीनच वर्षांनी, २४ जून १९९५ ला, जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर ती प्रसिद्ध फायनल झाली. मंडेला, हिरवी जर्सी, सगळ्यांना माहीत असलेली. दक्षिण आफ्रिका १५, न्यूझीलंड १२, एक्स्ट्रा टाइममध्ये. त्यात ट्राय किती? दोन्ही टीमच्या मिळून शून्य. सगळे पॉइंट लाथेचे. दक्षिण आफ्रिकेचे १५ च्या १५ योएल स्ट्रान्स्कीनं मारले, शेवटचा ड्रॉप गोल धरून. २००७ ची फायनल दक्षिण आफ्रिकेनं इंग्लंडविरुद्ध १५-६ जिंकली. तिथेही ट्राय नाही. २०१९ ला दोन केल्या. २०२३ ला पुन्हा नाही. चार वर्ल्ड कप, त्यातल्या तीन फायनल एकही ट्राय न करता जिंकलेल्या.

आता तुम्ही म्हणाल, मग पेनल्टीच कमी करा ना. मलाही तेच वाटलं. रविवारी बसून मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, आकडे बदलून बघायला. (हो, माझे रविवार असे जातात.) २०२३ ची फायनल घ्या. ट्राय ४ ठेवली तर १२-१०. ५ ला १२-११. ६ केली तर १२-१२, एक्स्ट्रा टाइम. पण पेनल्टी ३ ची २ केली तर? दक्षिण आफ्रिका ८, न्यूझीलंड ९. कप फिरला. १९५९ मध्येही तेच. पेनल्टी २ असती तर न्यूझीलंड १२, लायन्स १६. म्हणजे खरी कळ ट्रायमध्ये नाही, पेनल्टीत आहे.

पण थांबा. पेनल्टी ही कमाई आहे का? नाही. ती शिक्षा आहे. समोरची टीम तुमच्या रेषेपासून दहा मीटरवर आलीय, आता ट्राय होणार, तर तुम्ही काय कराल? चेंडूवर आडवे पडाल, ऑफसाइड उभे राहाल, खेळ मोडून टाकाल. फाउलची किंमत ३ असेल तर ५ किंवा ७ वाचवायला ३ देणं आधीच परवडतंय. ती २ वर आणली तर फाउल आणखी स्वस्त. ट्राफिकमध्ये दंड कमी केला की सिग्नल कोण पाळतं, ते आपल्याला सांगायला नको. मग पंचाला पिवळी-लाल कार्डं जास्त काढावी लागतात, आणि मॅच १५ विरुद्ध १३ व्हायला लागते. त्यातही प्रेक्षकाला मजा नाही. हा प्रयोग लोकांनी केलाय. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियानं आपल्या नव्या देशांतर्गत स्पर्धेत पेनल्टी २ आणि कन्व्हर्जन ३ केलं. खुद्द दक्षिण आफ्रिकेत विद्यापीठांच्या व्हर्सिटी कपमध्येही पेनल्टी २ ची खेळून झाली. मोठ्या रग्बीनं मात्र आकडा हलवला नाही. त्याऐवजी गटातल्या मॅचना बोनस पॉइंट आणले, चार ट्राय केल्या की टेबलवर एक जास्तीचा. आपल्या कबड्डीत तीन किंवा कमी डिफेंडर उरलेले असताना पकड केली तर सुपर टॅकलचा एक जादा मिळतो ना, तसंच. मागे पडलेल्याला लढायला आमिष. पण फायनलला टेबल नसतं. तिथे ३ म्हणजे ३.

आणि इथून टीम निवडीचा वाद सुरू होतो, जो मला नियमांच्या वादाहून जास्त आवडतो.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये दक्षिण आफ्रिकेनं ३३ जणांची टीम जाहीर केली. त्यात हान्द्रे पोलार्ड नाही. २०१९ ची फायनल जिंकून देणारा फ्लाय-हाफ, म्हणजे दहा नंबरचा खेळाडू, टीमचा मुख्य किकर. त्याची पोटरी दुखावलेली होती. त्याच्या जागी मनी लिबॉक. पासिंग, कल्पना, वेग, सगळं सुंदर, पण गोलवर किक मारताना भरवसा नाही. मग स्कॉटलंडविरुद्धची पहिली मॅच झाल्यावर सरावात माल्कम मार्क्सच्या गुडघ्याला मार बसला. मार्क्स हुकर, जगातल्या सर्वोत्तम हुकरपैकी एक. हुकर म्हणजे स्क्रममध्ये पहिल्या रांगेत मधोमध वाकून मानेवर सगळा भार घेणारा, आणि लाइनआउटला चेंडू फेकणारा. हे काम कुणालाही सांगून चालत नाही. साधा विचार असा की हुकर गेला, हुकर आणा. निवडणाऱ्यांनी, म्हणजे याक निनाबर आणि रासी इरास्मस या जोडीनं, कुणाला बोलावलं? पोलार्डला. हुकरच्या जागी किकर!

केप टाउनवाला त्या दिवशी कॉलवर पेटला होता. त्याचं म्हणणं, आता टीममध्ये खरा हुकर एकच उरला, बोंगी म्बोनाम्बी. त्याला काही झालं तर? राखीव म्हणून डिऑन फोरी, वय ३७ ला टेकलेलं, तेव्हा मुख्यतः फ्लँकर. पूर्वी हुकर खेळलेला, पण पूर्वी. हे म्हणजे डेटाबेसवाला माणूस सोडून गेला म्हणून अजून एक डिझायनर घ्यायचा. मला तेव्हा त्याचं पटलं होतं.

मग २३ सप्टेंबरला आयर्लंडची मॅच. पोलार्ड नुकताच येत होता, खेळला नाही. दक्षिण आफ्रिका ८-१३ हरली. आणि त्या मॅचमध्ये लिबॉक आणि फाफ द क्लर्क यांनी मिळून गोलवरच्या किक हुकवून ११ पॉइंट सोडले. हरले पाचनं, सोडले अकरा. दुसऱ्या दिवशी केप टाउनवाला शांत होता.

हुकर कच्चा असला तर नुकसान मॅचभर थोडं थोडं झिरपतं, एखादा लाइनआउट गेला, एखादा स्क्रम मागे सरकला. ते स्कोअरबोर्डवर दिसत नाही. किकर कच्चा असला तर प्रत्येक चूक ३ आकडी लिहून येते, सगळ्या जगासमोर. निवड करणाऱ्यांनी डोळे उघडे ठेवून पैज लावली होती की बाद फेरीत मॅच इतक्या जवळच्या होतील की ३ चा आकडाच ठरवेल. मला ही पैज हुशार वाटते. न्याय्य आहे का, हा वेगळा प्रश्न.

क्वार्टरफायनल, १५ ऑक्टोबर, फ्रान्सविरुद्ध २९-२८. यात ट्राय भरपूर, आफ्रिकेच्या ४, फ्रान्सच्या ३. पण गंमत बघा, फ्रान्सच्या एका कन्व्हर्जनच्या वेळी तोमा रामोस किक मारायला निघाला आणि चेस्लिन कोल्बेनं रेषेवरून असा काही धाव घेतला की चेंडू त्याच्या अंगावर आदळला. ते २ पॉइंट गेले, फ्रान्स एकानं हरलं. किक मारणाऱ्यावर धावून जायची ही मुभा जुन्या रग्बीतली, जेव्हा ट्राय म्हणजे नुसता 'प्रयत्न' होता आणि समोरच्यांना तो हाणून पाडायचा हक्क होता. जुन्या कोडमधली एखादी ओळ कुणी काढायला विसरतं आणि एक दिवस तीच ओळ सगळं ठरवते, तसं.

सेमीफायनल, २१ ऑक्टोबर, इंग्लंडविरुद्ध १६-१५. पाऊस, चिखल. इंग्लंडचे सगळे १५ पॉइंट ओवेन फॅरेलच्या पायाचे. लिबॉकला ३१ व्या मिनिटालाच बाहेर काढून पोलार्डला आत आणलं. त्यावरही वाद झाला, पोराचा अपमान केला म्हणून. आणि ७७ व्या मिनिटाला जवळजवळ अर्ध्या मैदानावरून पोलार्डनं पेनल्टी मारली. मॅच खिशात.

फायनलला आफ्रिकेनं आणखी एक जुगार खेळला. बेंचवर आठ राखीव असतात. साधारण पाच फॉरवर्ड, म्हणजे ढकलाढकली करणारे दांडगे, आणि तीन बॅक, म्हणजे पळणारे. यांनी सात फॉरवर्ड आणि एक बॅक बसवला. मागचे दोघं जखमी झाले असते तर मैदानावर पळायला माणूस नाही. त्यावर टीका झालीच, की अर्ध्या मॅचनंतर ताज्या दमाचे सात राक्षस आत सोडायचे हे खेळाच्या भावनेत बसत नाही. पण हिशोब तोच. ताजे फॉरवर्ड समोरच्यांना दमवणार, दमलेली माणसं फाउल करणार, फाउल म्हणजे पेनल्टी, पेनल्टी म्हणजे पोलार्ड. सगळी निवड त्या एका ३ भोवती बांधलेली.

आणि चौथ्या मिनिटाच्या आतच म्बोनाम्बी जखमी होऊन बाहेर गेला.

मी पुण्यात, रात्री साडेबारानंतर, आवाज बंद करून बघत होते, कारण रूममेट झोपली होती. केप टाउनवाल्याचा मेसेज आला, फक्त डोक्याला हात लावलेली इमोजी. ज्या गोष्टीची त्याला महिनाभर भीती होती ती पहिल्या चार मिनिटांत झाली. ३७ वर्षांचा फोरी आत आला आणि उरलेला जवळजवळ सगळा वेळ हुकर म्हणून उभा राहिला. लाइनआउट डळमळला. पण पोलार्डनं पहिल्या हाफमध्ये चारपैकी चार मारल्या. हाफटाइम १२-६. न्यूझीलंडच्या कॅप्टनला, सॅम केनला, तोपर्यंत लाल कार्ड मिळालेलं. पुरुषांच्या वर्ल्ड कप फायनलमधलं पहिलंच. दुसऱ्या हाफमध्ये दक्षिण आफ्रिकेनं एकही पॉइंट केला नाही. एकही. चाळीस मिनिटं नुसते आडवे पडून वाचवत राहिले. ॲरन स्मिथची एक ट्राय आधीच्या लाइनआउटमध्ये चेंडू पुढे सुटला म्हणून रद्द झाली. बॅरेटची झाली, तिचं कन्व्हर्जन रिची मोउंगानं हुकवलं. ७३ व्या मिनिटाला कोल्बेनं हातानं मुद्दाम चेंडू पाडला, पिवळं कार्ड घेतलं आणि बाहेर बसून जर्सीनं तोंड झाकलं. त्या पेनल्टीवर जॉर्डी बॅरेटनं लांबून किक मारली. बाजूनं गेली.

म्हणजे ज्यांची तक्रार होती की लाथेनं मॅच जिंकली, त्यांनाही शेवटी लाथेचीच गरज होती. एक कन्व्हर्जन किंवा ती एक पेनल्टी बसली असती तर कप त्यांचा होता. हे मी कॉलवर बोलले नाही. नोकरी टिकवायचीय.

पण १९५९ चं मात्र राहवलं नाही. एका शुक्रवारी काम संपल्यावर मी ऑकलंडवाल्याला डॉन क्लार्कचा किस्सा पाठवला. सहा पेनल्टी, चार ट्राय, १८-१७, सगळं व्यवस्थित मांडून. शेवटी विचारलं, मग ती मॅच लायन्सना परत द्यायची का?

दोन निळ्या टिक लागल्या. बराच वेळ टाइप करत होता. मग उत्तर आलं: ते वेगळं होतं, तेव्हा क्लार्कसारखा किकर होता आमच्याकडे.

चला, भेटू पुढच्या भागात. रग्बी लीगवाल्या भावाची गोष्ट घेऊन येते.